दोन्ही एकात

आमच्या घरात एक वस्तू बरेच महिने नांदली, फक्त ती अजून बाजारात आलेली नव्हती. जेवताना तिचा विषय निघायचा, चहाला निघायचा, मी मेथी निवडत बसले तरी निघायचा. ह्यांच्या मोबाईलवर कुणीतरी परदेशातला माणूस घाईघाईने बोलत असायचा आणि हे मान पुढे काढून ऐकत बसायचे. टॅब्लेट आणि लॅपटॉप, दोन्ही एकात. आडवा धरला की पाटी, उभा केला की संगणक. कीबोर्ड सुटा होणार, पेन बिजागरीत बसणार. "लीक झालंय," हे म्हणायचे. आमच्याकडे लीक होते ती गच्चीवरची टाकी, त्यामुळे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी बादली घेऊन जिना चढायला लागले होते.

हे म्हणजे माझे मिस्टर. सावेडीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवतात. लग्नात उखाण्यात नाव घेतलं तेवढंच, त्यानंतर आमचं सगळं 'अहो'वर भागलं आहे. मी घराच्या पुढच्या खोलीत शिवणक्लास चालवते. तुझं काम टाक्याचं, माझं रेघेचं, आणि दोन्हीला हात सरळ लागतो, असं हे पूर्वी फार ऐटीत म्हणायचे.

ऐट करावी अशीच ती रेघ होती. फळ्यावर खडू टेकवायचा आणि हात न उचलता पूर्ण वर्तुळ काढायचं, ना दोरी ना कंपास. वर्गात पाऊल टाकलं की मागच्या बाकावरून आवाज यायचा, "सर, वर्तुळ." मग वर्तुळ काढूनच धडा सुरू व्हायचा. मला बघायला आले तेव्हाची गोष्ट आमच्या माहेरी अजून सांगतात. माझे वडील, आप्पा, शेती सांभाळून गुरांचा व्यापार करायचे. घोडेगावच्या बाजारात गाईचे दात बघितल्याशिवाय बोलणीच करायची नाहीत, असा त्यांचा नेम. मुलगा विज्ञानाचा शिक्षक आहे आणि हाताने आकृत्या सुरेख काढतो, असं मध्यस्थाने सांगितलं. आप्पा उठले, गोठ्यातलं घमेलं आणून ह्यांना दाखवलं, परत ठेवून आले आणि म्हणाले, "त्येच्यायेवढं काढा." ह्यांनी ओट्यावर खडूने एका दमात वर्तुळ काढलं. आप्पांनी घमेलं आणून त्यावर पालथं घातलं. काठ रेघेवर बसला. पोहे यायच्या आधीच लग्न ठरल्यात जमा होतं.

पुढे शाळेतले फळे गेले आणि वर्गावर्गात भिंतीला मोठे पडदे लागले. टॅबवर काढायचं, ते पडद्यावर उमटणार. ह्यांनी हौसेने टॅब घेतला आणि पेनाने त्यावर हृदयाचा उभा छेद काढला, तेव्हा वर्गाने टाळ्या वाजवल्या म्हणे. पण प्रश्नपत्रिका टाईप करायच्या तर लॅपटॉप हवा, आकृती काढायची तर टॅब हवा. स्कूटरला दोन बाजूंना दोन पिशव्या. त्यातूनच हे खूळ शिरलं. दोन्ही एकात असेल असं यंत्र येतंय, ते आलं की त्यावर सगळ्या धड्यांच्या आकृत्या एकदाच, स्वतःच्या हाताने, नीट काढून ठेवायच्या. पेशीपासून हृदयापर्यंत. "मग मी शाळेत असो नसो, पोरांना माझ्या हातची आकृती मिळेल," हे म्हणायचे.

"मग आजच सुरू करा की," मी म्हणायचे. "टॅब काय भाजी चिरायला घेतलाय?"

"या डबड्यावर नाही. थांब थोडं. नवीन येतंय."

त्या दिवसांत एकदा आप्पा आले. बाजार करून ते अधूनमधून एसटीने आमच्याकडे येतात, येताना फडक्यात बांधलेला खवा आणतात. ह्यांनी त्यांना मोबाईलवर त्या न आलेल्या यंत्राचं चित्र दाखवलं आणि सांगितलं, याला हायब्रीड म्हणतात.

आप्पांचा चेहरा पडला. आमच्याकडच्या जुन्या माणसांना हायब्रीड म्हटलं की ज्वारी आठवते, आणि हायब्रीड ही शिवी आहे. पोरगं उंच पण किरकोळ निघालं की त्याला हायब्रीड म्हणतात. "कनीस ह्ये येवढं," आप्पांनी कोपरापर्यंत हात दाखवला, "अन् भाकर खाल्ली तर तोंडाला चव न्हाई. आन जावईबापू, हायब्रीडचं बी धरता येत न्हाई. दरसाल नवं आनावं लागतं."

"मामा, हेही तसंच," हे हसले. "दरसाल नवं."

"तुमच्या गोठ्यात तरी सगळ्या जर्श्याच आहेत, आप्पा," मी म्हटलं.

"इकायचं दूध जर्शीचं. घरी प्यायला गावठीच हाय." मग मोबाईल परत देत म्हणाले, "पन ह्ये आलंय का तुमच्या हातात? न्हाई ना? पान्यात म्हैस अन् वर मोल. बाजारात असला सौदा निघाला का आमी उठून जातो."

आम्ही तिघंही हसलो. मोबाईल परत घेताना तो ह्यांच्या हातातून निसटून सोफ्यावर पडला, त्यालाही हसलो.

त्यानंतर पेनाची रेघ बारीक यायला लागली. पेन जेवढं दाबावं तेवढी रेघ जाड येते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ह्यांचं म्हणणं, पेनाचं टोक झिजलं. टोक बदललं. तरी रेघ केसासारखी. मग म्हणाले, पडदाच मेलाय, दोन-दोनदा बोट लावावं लागतं, एक उघडायला जावं तर दुसरंच सरकतं. मी त्या वेळी लोकरीच्या स्वेटरला अस्तर लावत होते, मान वर न करता म्हटलं, "नाचता येईना, अंगण वाकडं." एरवी ह्यांनी उलट काहीतरी ऐकवलं असतं. त्या दिवशी टॅब मिटला आणि मोबाईलवर त्या परदेशी माणसाला लावलं.

मग एक दिवस हे शर्ट घेऊन माझ्या मशीनपाशी आले. "याचे काज घट्ट झालेत गं. जरा मोठे कर." मी कात्रीच्या टोकाने काज वाढवले, कडा बांधल्या, शर्ट दिला. आठवड्याने दुसरा आला. मग तिसरा. शेवटी मी सगळेच शर्ट कपाटातून काढून समोर घेतले आणि एकेका काजातून बटण घालून बघितलं. सगळी सरळ गेली.

मी आयुष्यभर काज केले आहेत. काज कधी घट्ट होत नाही. धुतल्यावर कापड आटतं, कंबर आटते, बाही आखूड होते, पण काज वापराने सैलच पडत जातो. हे मी क्लासच्या मुलींना पहिल्या महिन्यात शिकवते. शर्ट मांडीवर घेऊन मी बसले होते, बाहेर उसाचा रसवाला घुंगरू वाजवत होता.

हे आंघोळीला गेले तेव्हा मी टॅब उघडला. एका बोटात उघडला. पेन घेऊन रेघ ओढली. जाड, काळी, सुतळीसारखी रेघ आली. झिजलेलं टोक नव्हतं, मेलेला पडदा नव्हता. मी ती रेघ पुसली, टॅब होता तसा ठेवला आणि पोळ्या लाटायला गेले.

त्यानंतर मी त्या परदेशी माणसाच्या बातम्या वेगळ्या कानांनी ऐकायला लागले. अफवा रोज बदलत. काल पेनाची होती, आज वजनाची. आणि हळूहळू माझ्या लक्षात आलं की अफवा शंभर असल्या तरी हे मला त्यातली एकच सांगतात. "आता म्हणे अगदी हलकं टेकवलं तरी चालणार," असं ज्या दिवशी म्हणाले, त्या दिवशी वर्गात रेघ उमटली नव्हती. "आता म्हणे कागदाएवढं हलकं असणार," म्हणाले त्या संध्याकाळी पिशवीत टॅबचा कोपरा चेपलेला सापडला. "एका हाताने उघडणार." "बोललं तरी टाईप होणार." हे आनंदाने सांगायचे, डोळे चमकायचे, आणि मला मात्र कळायचं, आज काय सुटलं. कुणा कंपनीने अजून न बनवलेल्या यंत्रावरून मी माझ्या नवऱ्याचा हात वाचत होते. मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती एका दुपारी, वरणभात खाताना. चमचा ताटात ठेवून हे म्हणाले, "अगं, पुढे तर म्हणे नुसत्या नजरेनेही चालेल."

"नजरेने कशाला?" मी विचारलं.

"नाही, असंच. सोय."

त्या दुपारी मी शर्ट काढून पुढ्यात टाकले. म्हटलं, अहो, काज घट्ट होत नसतो. ह्यांनी एक शर्ट उचलून काजावरून बोट फिरवलं. रागावतील असं वाटलं होतं. रागावले नाहीत. म्हणाले, "मला ठाऊक आहे."

शहरातल्या डॉक्टरांनी ह्यांना आपलं बोट दाबायला सांगितलं, मग दुसऱ्या हाताने, मग पुण्याला पाठवलं. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी आजाराचं लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं. ते मी लक्षात ठेवलं नाही, ठेवणारही नाही. सांगितलं ते एवढंच, की नसा स्नायूंना निरोप देणं बंद करत चालल्या आहेत. उजव्या हातापासून सुरुवात झाली आहे. गेलेलं परत येत नाही, आणि किती वेगाने जाईल ते कुणी सांगू शकत नाही. बाई चांगल्या होत्या. सावकाश बोलल्या, घाई केली नाही. परतीच्या गाडीत हे खिडकीशी बसले होते. शिरूर मागे गेलं, पूल गेला. तेवढ्यात हे म्हणाले, "दिवाळीच्या आधी येतंय म्हणे. या वेळी नक्की."

मला रडू आलं आणि त्यांचा भयंकर रागही आला. बाजारात तुरी, असं तोंडावर आलं होतं, ते गिळलं. एवढे महिने टॅब घरात होता, हात होता, आकृत्या काढायला कुणी अडवलं नव्हतं. मी शेजारच्या बाईंच्या डोक्यावरून रस्त्याकडे बघत बसले.

आणि दिवाळीच्या आधी ते खरंच आलं. आमच्या रस्त्यावरच्या दुकानदाराला ह्यांनी इतक्यांदा विचारलं होतं की त्याने आपणहून फोन केला. "सर, तुमचं आलं बरं का. नुसतं बघायला या." एव्हाना स्कूटर मी चालवत होते आणि हे मागे बसत होते. दुकानात बाहेर लावायच्या दिव्यांच्या माळांचे खोके पडले होते, त्यातून वाट काढत काउंटरपाशी गेलो. ते उभं होतं. ऐकलं होतं तसंच, हुबेहूब. दुकानदाराने एका बोटाने कीबोर्ड सुटा केला, पाटी आडवी ठेवली, बिजागरीतून पेन काढून ह्यांच्यापुढे धरलं.

ह्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि पेन घेतलं. मला वाटलं, आता नाव लिहून बघतील. पण ह्यांनी वर्तुळ काढायला घेतलं.

रेघ बारीकसारीक थरथर टिपत गेली. जुन्या टॅबवर जे उमटायचंच नाही ते इथे सगळं उमटलं, प्रत्येक हिसका, प्रत्येक अडखळ. यंत्र खरंच चांगलं होतं. एका बाजूला बटाट्यासारखा फुगवटा आला, शेवटी टोकं जुळली नाहीत. हात तिथेच राहिला. ह्यांना पेन उचलता येत नव्हतं, हे मला दिसत होतं. दुकानदाराला वाटलं, मुद्दाम धरलंय. आणि तेवढ्यात पडद्यावरचा तो बटाटा आपला आपण हलला, टोकं जुळली, आणि एक सुंदर, गोल, निर्दोष वर्तुळ तिथे बसलं.

"बघितलं का सर?" दुकानदार खूश झाला. "पेन नुसतं धरून ठेवायचं. कुणाचंही वर्तुळ गोल होतं यात."

ओट्यावरचं घमेलं माझ्या डोळ्यांपुढे आलं. ह्यांनी दुसऱ्या हाताने पेन सोडवून घेतलं. "मागे घ्या," म्हणाले. दुकानदाराने बटण दाबलं, फुगीर वर्तुळ परत आलं. हे त्याच्याकडे वाकून, वही तपासतात तसे बघत राहिले. "हे माझं," म्हणाले.

पाठीमागे कुणी गिऱ्हाईक आलं. दुकानदाराने सवयीने फडक्यासारखा तळवा फिरवला आणि पडदा कोरा केला.

येताना मी उत्तर तयार ठेवलं होतं. हे म्हणतील, या मॉडेलमध्ये तेवढा दम नाही, पुढचं बघू. आणि मी म्हणणार होते, हो, थांबू की. आता त्यांची चेष्टा करायचं माझ्यात बळ नव्हतं. पण घरी आल्यावर हे चप्पल काढताना म्हणाले, "तो जुना टॅब चार्जिंगला लाव. आणि शर्टांना ते वेल्क्रो लावशील का?"

मी सगळे शर्ट काढले. बटणं उसवली, काज शिवून बंद केले, आत वेल्क्रोचे चौकोनी तुकडे लावले. पण मग पट्टी बोडकी दिसायला लागली आणि मला राहवेना. शाळेतल्या पोरांना कशाला दिसायला हवं? म्हणून प्रत्येक शर्टाची तीच बटणं बंद काजांवर परत टाकली. वरून बटण, आतून पट्टी.

आप्पांनी भाऊबीजेला शर्ट बघितला. बोटाने पट्टी उघडून आत डोकावले. "वरून बटनं, आतून पट्टी," ते म्हणाले. "म्हंजी हायब्रीडच की."

"मग मामा," हे म्हणाले, "दरसाल नवं आणावं लागणार."

आप्पा उत्तराला कधी कमी पडत नाहीत. त्या दिवशी ते उठले आणि अंगणातला नळ नीट बंद आहे का ते बघायला गेले. बराच वेळ आत आले नाहीत.

आता आमच्या घरात तो परदेशी माणूस बोलत नाही. इतके महिने मी त्याच्या नावाने खडे फोडले, आता तो हवासा वाटतो. अफवा बंद झाल्यापासून आज काय सुटलं ते मला कळेनासं झालं आहे. हे शाळेतून आले की जुना टॅब घेऊन बसतात. रेघ जाड येईल अशी सोय आत कुठेतरी होती, ती आम्ही शोधून काढली. मी टॅब धरते, हे दोन हातांनी पेन धरतात. पेशी झाली. पान झालं, त्याचा देठ वाकडा आला तो तसाच ठेवला. एक आकृती कधी दोन दिवसांत होते, कधी होतच नाही. हृदयाचा धडा शेवटून दुसरा आहे.

"आधी हृदय काढा," मी म्हणते.

"धडे क्रमाने घ्यायचे असतात," हे म्हणतात. शिक्षक माणूस.

मी भिते, हे उघडच सांगते. क्रम पुरा होईल की नाही ते मला माहीत नाही, आणि ह्यांना विचारायची हिंमत नाही. म्हणून मी एक करते. शाळेतून आल्यावर हे आतल्या खोलीत कपडे बदलायला जातात, तेव्हा मी मशीनच्या चाकावर हात ठेवून मशीन थांबवते. क्लासच्या मुलींना वाटतं, बाईंचा दोरा तुटला. आतून पट्टी उघडल्याचा चर्र असा आवाज येतो, मग दुसरा, मग तिसरा. खालच्या पट्टीचा आवाज आला की मी पायडल मारायला लागते.

परवा वरच्या दोन पट्ट्यांचा आवाज आला आणि पुढचा आला नाही. मुली माझ्याकडे बघत होत्या. मी चाकावरचा हात काढला नाही, उठूनही गेले नाही. बोलावल्याशिवाय गेलेलं ह्यांना आवडत नाही. एका मुलीच्या हातातली कात्री टेबलावर ठेवल्याचा आवाज आला तेवढाच. मग आतून ह्यांनी हाक मारली.

"अगं, टॅब घेऊन ये जरा. आज हृदय घेऊ."